ताय-ची : तोलाचे सामुदायिक शिक्षण

घरातील वडीलधारे माणूस पडले म्हणजे आपण सहज म्हणून जातो, “घसरून पडले.” समाचारास येणारा प्रत्येकजण फरशी ओली होती काय, चपलेचा तळ झिजला होता काय, याची चौकशी करतो आणि सर्व दोष फरशीच्या माथी मारून मोकळा होतो. वास्तविक पडणाऱ्या व्यक्तीस आपण नेमके कसे पडलो हे बहुधा सांगता येत नाही, आणि दुसरे कोणी त्या क्षणी तेथे असतेच असे नाही. तेव्हा ‘घसरून पडले’ हे आपले विधान पुष्कळदा निव्वळ तर्काचे असते.

हा तर्क तपासून पाहण्याचा एक मोठा मार्मिक प्रयत्न कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाला. तेथील वृद्धांच्या निवासगृहांत भोजनगृह, बैठकीची जागा, वाटा अशा सामाईक ठिकाणी चलच्चित्रण करणारे कॅमेरे बसविण्यात आले आणि १३० व्यक्तींच्या २२७ पडण्यांची चित्रे संशोधकांनी बारकाईने तपासली. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. घसरल्यामुळे पडलेल्यांचे प्रमाण शेकडा ३ इतकेच निघाले. अडखळून किंवा ठेच लागून पडण्याचे प्रमाण शेकडा २१ होते. आणि सर्वांत मोठे कारण, शेकडा ४१ वेळा, हे आढळले की त्या व्यक्तीने आपल्या शरीराचा भार चुकीच्या रीतीने हलविला होता. कोणी वळताना भार ज्या पायावर न्यावयाचा त्यावर नेला नाही, कोणी खुर्चीत बसताना तो फार लवकर मागे टाकला, कोणी केवळ उभ्या उभ्याच एका अंगास कलला. फरशीचा काही अपराध नव्हता.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येणार नाहीत, हे उघड आहे. त्या चित्रणात स्नानगृहे नव्हती, आणि आपली ओली न्हाणीघरे तर मुळीच नव्हती. तरी त्यांतून एक गोष्ट निश्चित शिकता येते. पडणे हा पुष्कळदा बाहेरून आलेला अपघात नसून एका कौशल्याचा ऱ्हास असतो; आणि जे कौशल्य आहे ते शिकविता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अनुमानाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रमांक लागतो, आणि त्यात साठीच्या पुढील लोकांचा भरणा सर्वांत अधिक असतो. जे वाचतात त्यांच्यापैकी कित्येकांचे खुब्याचे हाड मोडते आणि चालते-फिरते माणूस अंथरुणास खिळते. याहून सूक्ष्म अशी एक हानी आहे, ती म्हणजे भीती. एकदा पडलेला मनुष्य पुन्हा पडू नये म्हणून चालणे कमी करतो. चालणे कमी झाल्याने पायांचे स्नायू झिजतात. आणि स्नायू झिजल्यामुळे तो खरोखरीच पुन्हा पडतो. हे चक्र कोठे तरी तोडले पाहिजे.

छत्तीसगडातील भिलाई हे नगर या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या त्या मुलखात क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे उभी राहिली आणि देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण माणसे तेथे येऊन वसली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यामुळे मराठीची छत्तीसगडशी ओळख त्याही पूर्वीची होती. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ती पुढे टिकविली. आता गणित करून पाहा. १९५९ साली पंचवीस वर्षांचा असलेला कामगार आज नव्वदी ओलांडून गेला आहे; १९७५ च्या सुमारास कामावर रुजू झालेला सत्तरीच्या घरात किंवा पलीकडे आहे. निवृत्तीनंतर अनेकांनी भिलाई-दुर्गच्या परिसरातच घरे बांधली. जुनी गावे पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू मुरत जातात. कारखान्याभोवती एकदम वसलेल्या नगरात मात्र वार्धक्यही लाटेसारखे एकदम येते. अशा नगरात, जेथे मोकळी मैदाने, शाळांची पटांगणे आणि झाडांची सावली आहे, तेथे सकाळच्या वेळी पंधरा-वीस वृद्धांचा ताय-चीचा वर्ग भरविला तर त्याचा उपयोग काय व किती होईल, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

उभे राहण्याचे कार्य

टेबलावर ठेवलेले पुस्तक स्थिर राहते, कारण त्यास स्थिर राहण्यासाठी काही करावे लागत नाही. मनुष्य उभा असतो तेव्हाही खऱ्या अर्थाने स्थिर नसतो. त्याचा गुरुत्वमध्य बेंबीच्या किंचित खाली, कटीच्या पोकळीत असतो आणि त्याखालचे आधारक्षेत्र म्हणजे दोन तळवे व त्यांच्यामधील जागा एवढेच. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या क्षेत्राच्या आत पडतो तोवर मनुष्य उभा राहू शकतो. तो बाहेर गेला की एक तर पाऊल टाकून क्षेत्र बदलावे लागते, नाही तर जमीन गाठावी लागते. तळहातावर काठी उभी धरणाऱ्या मुलाचा हात जसा सारखा हलत असतो, तसे आपल्या घोट्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षणोक्षणी आखडून-सैलावून हा ओळंबा आत ठेवीत असतात.

या कामी मेंदूस तीन ठिकाणांहून वर्दी मिळते. एक डोळे. दुसरे अंतर्कर्ण : येथील तीन अर्धवर्तुळाकृती नलिकांतील द्रव डोके कोणत्या दिशेने वळले ते सांगतो, आणि त्यांच्या शेजारच्या पिशव्यांतील चुन्याचे सूक्ष्म खडे डोके किती कलले ते सांगतात. तिसरे म्हणजे तळपायांची त्वचा, सांधे व स्नायू, ज्यांत दाब आणि ताण ओळखणाऱ्या तंतूंची टोके पसरलेली आहेत. या तिसऱ्या वार्ताहराची आपण फारशी दखल घेत नाही, कारण तो न बोलावता काम करीत असतो.

विद्यार्थ्यांना हे सहज पडताळून पाहता येईल. भिंतीपासून हातभर अंतरावर, सोबत्यास जवळ उभा करून, एका पायावर उभे राहावे आणि सेकंद मोजावे. मग तोच प्रयोग डोळे मिटून करावा. चांगला धडधाकट मुलगासुद्धा काही क्षणांतच डुलू लागतो. आणि त्या वेळी घोटा किती धडपडतो आहे हे त्यास प्रथमच जाणवते. एक वार्ताहर गप्प बसताच उरलेल्या दोघांवर केवढा भार पडतो, हे यावरून कळते. वृद्धांनी डोळे मिटण्याचा हा प्रयोग करू नये.

वार्धक्यात तिन्ही वार्ताहर मंदावतात. मोतीबिंदूमुळे दृष्टी धूसर होते, अंतर्कर्णातील संवेदक पेशी कमी होतात, आणि तळपायांची जाणीव बोथट होते. मधुमेहाने हे शेवटचे नुकसान फार वाढते, आणि आपल्या देशात मधुमेह किती पसरला आहे हे सर्वश्रुत आहे. त्यातच स्नायूंतील जे तंतू चटकन आखडतात तेच वयाबरोबर अधिक घटतात. परिणामी वर्दी उशिरा येते, आणि ती आल्यावर हुकूम बजावणाराही उशीर करतो.

आता चालण्याकडे पाहू. चालताना सुमारे चार-पंचमांश वेळ आपला भार एकाच पायावर असतो. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असतात ते उरलेल्या एक-पंचमांश वेळात. चालणे म्हणजे एका परीने पुढे पडत जाणे आणि दर वेळी दुसऱ्या पायाने स्वतःस सावरणे होय. तरुणपणी हा खेळ वेगाच्या बळावर बिनबोभाट चालतो.

सावकाशीचे प्रयोजन

शाळांच्या स्नेहसंमेलनांत सावकाश सायकल चालविण्याची शर्यत असते. जो सर्वांच्या शेवटी पोहोचेल, परंतु वाटेत पाय टेकणार नाही, तो जिंकतो. वेगाने सायकल पिटाळणारे कित्येक वीर या शर्यतीत पहिल्या दहा हातांतच पाय टेकतात, कारण वेग त्यांच्यासाठी जे काम फुकटात करीत होता ते आता त्यांना स्वतः करावे लागते. ताय-चीतील सावकाशीचे मर्म हेच आहे. पाऊल इतके हळू टाकावयाचे की पुढे जाण्याच्या संवेगाचा काही उपयोग होऊ नये. मग शरीराचा भार क्षणोक्षणी स्नायूंनाच तोलून धरावा लागतो आणि मेंदूस प्रत्येक टप्प्याची वर्दी घेण्यास अवसर मिळतो.

त्यातील एकच पाऊल घेऊन पाहू. दोन्ही गुडघे किंचित वाकवून उभे राहावयाचे. अधिक नव्हे, खुर्चीवर बसावयाचा विचार मनात आला आहे एवढेच. मग सर्व भार संथपणे उजव्या पायावर न्यावयाचा. डावा पाय आता ‘रिकामा’ झाला आणि उजवा ‘भरला’. हे शब्द चिनी शिक्षकांचेच आहेत. रिकामा पाय उचलून पुढे न्यावयाचा व टाच अलगद टेकवावयाची, परंतु तिच्यावर अद्याप काहीच भार द्यावयाचा नाही. या क्षणी पाय परत मागे घ्यावासा वाटला तर घेता आला पाहिजे. घेता येत नसेल तर भार आधीच पुढे सांडला आहे असे समजावे. यानंतर टाचेकडून बोटांकडे तळवा टेकत जातो आणि भांड्यातून भांड्यात पाणी ओतावे तसा भार डाव्या पायात उतरतो. छत्तीसगडचा शेतकरी पावसाळ्यात भाताच्या खाचरांमधील निसरड्या बांधावरून जाताना नेमके असेच चाचपून पाऊल टाकतो. त्यास हे कोणी शिकविलेले नसते.

पुढील हालचालींत याच पावलाला कमरेच्या वळणाची व हातांच्या फिरण्याची जोड मिळते. ‘ढगांसारखे हात’ नावाच्या एका हालचालीत भार एका पायावरून दुसऱ्यावर जात असताना धड व नजर त्याच संथ गतीने वळत असतात. कोणी मागून हाक मारली असता वृद्ध मनुष्य गर्रकन मान वळवितो आणि पाय जागच्या जागी राहतात. तोल जाण्याचा तो एक नेहमीचा प्रसंग. त्या प्रसंगाचीच ही उजळणी होय. शिवाय गुडघे सतत किंचित वाकलेले असल्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूंना पाच मिनिटांतच चांगली कळ लागते. पाहणारास हा व्यायाम वाटतच नाही, हे त्याचे वैगुण्य नसून सोय आहे. नऊवारी नेसलेल्या आजीबाईंनाही तो संकोच न वाटता करता येतो.

युद्धविद्येपासून उद्यानापर्यंत

या विद्येच्या नावाने मराठी कानाची गंमतच होते; ‘ताईची’ कोणती वस्तू, असा प्रश्न ऐकणारास पडावा. पूर्ण चिनी नाव ‘ताय-ची-च्युआन’ असे आहे. ‘ताय-ची’ म्हणजे परमकोटी, जीतून स्थिर व चल ही द्वंद्वे निघतात असे चिनी तत्त्वज्ञानातील आदितत्त्व. आणि ‘च्युआन’ म्हणजे मूठ. प्राणशक्तीसाठी चिनी भाषेत ‘ची’ असा जो उच्चार आपण ऐकतो तो शब्द निराळा असून या नावाशी त्याचा संबंध नाही, जरी पुष्कळ उत्साही लेखक तो जोडतात. नावातील मूठ सांगते त्याप्रमाणे ही मुळात युद्धविद्या. हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी सतराव्या शतकात ती आकारास आली असे मानले जाते. त्या गावी ती शिकलेल्या यांग लू-चान याने एकोणिसाव्या शतकात ती पेकिंगला नेली, आणि त्याचा नातू यांग चंग-फू (१८८३–१९३६) याने तिला आज दिसणारे संथ, एकसारख्या गतीचे, विस्तीर्ण हालचालींचे रूप देऊन सर्वसामान्यांत पसरविले. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने तिच्या लांबलचक पाठातून चोवीस हालचालींचा सोपा पाठ तयार करविला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. आज जगभरच्या उद्यानांत दिसतो तो बव्हंशी हाच. २०२० साली युनेस्कोने ताय-चीची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

प्रयोगांची साक्ष

जुनी विद्या आहे म्हणून ती गुणकारी असलीच पाहिजे, हे विज्ञानास मान्य होण्यासारखे नाही. ताय-चीच्या वर्गाला जाणारे लोक कमी पडतात असे दिसले, तरी त्यावरून काय सिद्ध होते? मुळात ज्यांचे पाय बळकट तेच वर्गाला जात असतील. म्हणून अशा प्रयोगांत कोणी कोणत्या गटात जावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवितात. तरीही एक शंका उरते. वर्गात चार माणसे भेटतात, बोलणे होते, घराबाहेर पडणे होते; गुण त्या सोबतीचा कशावरून नसेल?

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात फूझोंग ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या शंकेचे निरसन करण्याच्या दृष्टीने आखलेला होता. ७० ते ९२ वर्षे वयाच्या, फारसा व्यायाम न करणाऱ्या २५६ व्यक्ती त्यांनी घेतल्या. अर्ध्यांना आठवड्यातून तीन वेळा ताय-ची शिकविले. उरलेल्यांनाही आठवड्यातून तीनच वेळा एकत्र बोलावून अंग ताणण्याचे व्यायाम दिले. सोबत, शिक्षक, वेळ, उत्साह हे सर्व दोन्हीकडे सारखे. सहा महिन्यांत ताण-व्यायामाच्या गटात ७३ वेळा लोक पडले, ताय-चीच्या गटात ३८ वेळा. पडून दुखापत झालेल्यांचे प्रमाण पहिल्यात शेकडा १८ तर दुसऱ्यात शेकडा ७ होते. सोबतीचा गुण दोघांनाही सारखाच मिळालेला असल्यामुळे हा फरक हालचालींच्या पदरी टाकावा लागतो. याच संशोधकांनी पुढे ६७० वृद्धांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तोल सुधारण्यासाठी बेतलेल्या आठ हालचालींच्या ताय-चीने पडण्याचे प्रमाण ताण-व्यायामाच्या तुलनेने निम्म्याहून खाली आणले.

गावपातळीवरच्या वर्गाच्या दृष्टीने सिडनीचा प्रयोग अधिक जवळचा वाटतो. तेथे साठीच्या पुढील ७०२ व्यक्ती होत्या आणि वर्ग आठवड्यातून एकदाच, एक तासाचा, असा सोळा आठवडे नेहमीच्या सार्वजनिक ठिकाणी भरत असे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे चोवीस आठवड्यांच्या काळात पडण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत, आठवड्यातून एक तास. आणि एवढे फळ.

सर्वच प्रयोगांनी असा कौल दिलेला नाही, आणि ते सांगणे अधिक अगत्याचे आहे. अटलांटा येथे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात, सत्तरीच्या पुढील परंतु बऱ्यापैकी सशक्त अशा २०० व्यक्तींमध्ये पंधरा आठवड्यांच्या ताय-चीने वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्मा झाला होता. त्याच संशोधकांनी पुढे ज्यांची शक्ती ओसरू लागली होती अशा ३११ वृद्धांवर ४८ आठवड्यांचा प्रयोग केला. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा फरक इतका थोडा होता की तो योगायोगाचा नव्हे असे खात्रीने म्हणता येईना. न्यूझीलंडमध्ये ६८४ व्यक्तींच्या प्रयोगात हलके व्यायाम करणारा गट आणि ताय-ची करणारे गट या सर्वांचेच पडणे सारखे कमी झाले. अनेक देशांतील प्रयोग एकत्र करून २०१९ साली केलेल्या समीक्षेत ताय-चीने पडण्याचे प्रमाण सुमारे शेकडा १९ ने घटत असावे असा अंदाज आहे. तोल व नित्याच्या हालचाली यांवर भर देणाऱ्या इतर व्यायामांचा आकडा सुमारे शेकडा २४ आहे. म्हणजे ताय-ची ही संजीवनी नव्हे. मात्र अटलांटाच्या दोन प्रयोगांतील अंतर आमच्या मते बोलके आहे : शिकावयाचे ते पाय पुरते थकण्याच्या आधी. साठी हे योग्य वय; ऐंशीव्या वर्षी, दोनदा पडून झाल्यावर, हा वर्ग शोधणे म्हणजे उशीर झाला.

येथे आणखी एका आकड्याविषयी सावध करणे जरूर आहे. ब्राझीलमधील ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १,७०२ व्यक्तींच्या पाहणीत, ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभे राहता आले नाही त्यांच्यात पुढील सात-आठ वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण बरेच अधिक आढळले. ही पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. परंतु एका पायावर उभे राहण्याचा सराव केल्याने आयुष्य वाढते, असे तिने दाखविलेले नाही. ज्यांना उभे राहता आले नाही त्यांच्यात मधुमेहासारखे विकार अधिक होते. धूर दिसला म्हणजे आग असण्याचा संभव असतो. धूर पंख्याने उडविल्याने आग विझत नाही.

आपल्याकडील पूर्वपीठिका

परदेशी व्यायाम कशाला, आपले योगासन व सूर्यनमस्कार काय कमी आहेत, असा प्रश्न भिलाईत काय किंवा साताऱ्यात काय, विचारला जाईलच. तो वाजवी आहे. सामुदायिक व्यायामाची आपली परंपरा तोलामोलाची आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार नित्याचे केले, आणि त्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. व्यायामाची यंत्रांनी परीक्षा करण्याचा मानही आपल्याच एका माणसाकडे जातो : स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले, आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी व दाबमापकांनी तपासले. ऑरेगनच्या प्रयोगाची वृत्ती आणि लोणावळ्याची वृत्ती एकच आहे.

उत्तर एवढेच की प्रत्येक व्यायामाचे कार्य निराळे आहे. सूर्यनमस्कारांत मनगटांवर भार येतो, वाकावे लागते, उठावे लागते. पंच्याहत्तरीच्या गुडघेदुखीच्या माणसास ते झेपत नाही. वृक्षासनाने एका पायावर स्थिर राहण्याची शक्ती येते आणि ती मोलाची आहे. परंतु कॅनडातील चित्रांत माणसे पडत होती ती भार हलविताना. ज्या क्रियेत चूक होते त्याच क्रियेचा सराव ताय-ची देते, हे तिचे वैशिष्ट्य. ज्यास योगासने जमतात त्याने ती सोडून ताय-ची धरावी असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही.

वर्ग कसा भरवावा

भिलाईत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून उन्हाळ्यात वर्ग सूर्योदयाबरोबर सुरू करून सातच्या आत संपवावा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मैदान ओले असते. ओल्या गवतावर तोलाचे शिक्षण देणे हा विनोद होईल, तेव्हा त्या दिवसांत शाळेचा व्हरांडा किंवा एखादे सभागृह मागून घ्यावे. जमीन सपाट व कोरडी असावी. पायांत पातळ तळाचे, घट्ट बसणारे बूट असावेत, सपाता नकोत. भोवती भिंत किंवा खुर्च्या असाव्यात, म्हणजे ज्यास आधार हवा त्यास हात लांबविताच तो मिळेल. खुर्चीच्या पाठीस धरून भार इकडून तिकडे नेणे हेसुद्धा पहिल्या महिन्याचे पुरेसे काम आहे.

खरी अडचण शिक्षकाची. चोवीस हालचालींचा पाठ अचूक शिकविणारा मनुष्य लहान नगरात मिळणे कठीण असते. परंतु तोलासाठी सर्व पाठाची आवश्यकता नाही. आठ हालचालींनी काम भागते हे वर आलेच आहे. शाळेचा व्यायामशिक्षक जाणत्याकडून महिना-दोन महिने शिकून आला तर तो एवढे शिकवू शकेल. चित्रफीत पाहून घरी एकट्याने शिकण्याची पद्धत तरुणास चालेल. जो आधीच एकदा पडला आहे त्याने तिच्या नादी लागू नये, कारण पडद्यावरचा शिक्षक त्याचा कललेला गुडघा पाहू शकत नाही. गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेने असावा, आत वळू नये; गुडघेदुखी वाढविणारी जी चूक नवशिके करतात ती हीच. ज्यांना उभे राहताच अंधारी येते, छातीत दुखते, किंवा ज्यांचे अलीकडेच हाड मोडले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. झोपेच्या व रक्तदाबाच्या काही औषधांनीही तोल जातो. वर्ग सुरू करण्यापूर्वी औषधांची यादी एकदा डॉक्टरांस दाखविणे हा अर्धा इलाज ठरू शकतो.

कारखान्यात तीस वर्षे शिड्या चढलेल्या माणसास ‘तुम्हांला पाऊल टाकावयास शिकवितो’ असे म्हटले तर तो रागावण्याचा संभव आहे. त्यास सायकलीच्या शर्यतीचे उदाहरण द्यावे, आणि एक पाऊल अगदी हळू टाकून दाखवा म्हणावे. बहुधा तेवढे पुरते. पुरुषांना वर्गात आणणे हे स्त्रियांना आणण्यापेक्षा अवघड जाते. अटलांटाच्या ३११ व्यक्तींत पुरुष अवघे वीस होते.

वर्गाने एक वही ठेवावी. प्रयोग करणाऱ्या संशोधकांनी सहभागी वृद्धांना दिनदर्शिका देऊन पडण्याची नोंद रोजच्या रोज करावयास सांगितले होते, कारण माणूस दुखापत न झालेले पडणे महिन्याभरात विसरून जातो, किंवा मुलांना कळू नये म्हणून लपवितो. नाव, तारीख, वेळ, ठिकाण, आणि त्या क्षणी काय करीत होतो : वळत होतो, बसत होतो, उठत होतो, की नुसता उभा होतो. वर्ग सुरू होण्यापूर्वीचे तीन महिने ही नोंद केली तर पुढे तुलना करण्यास आधार मिळेल. पडणे कशास म्हणावे हे आधीच ठरवून घ्यावे, नाही तर पुढे वाद होतात. इच्छा नसता शरीर जमिनीवर, फरशीवर किंवा आधीच्या पातळीहून खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर येऊन टेकले, तर ते पडणे. भिंतीस हात लावून सावरले तर ते पडणे नव्हे. त्याची नोंद निराळ्या रकान्यात करावी.